डीपीवरची अक्षरं

मेहरूणमधल्या नव्या हॉटेलची पाटी बघून भाची म्हणाली, "मावशी, फॉन्ट काय भारी आहे!" उंच, दाटीवाटीची, पायाशी चौकोनी ठोकळे असलेली इंग्रजी अक्षरं. तीच अक्षरं मी फार वर्षांपूर्वी एकदा हातानं जुळवली होती.

तेव्हा मी देवपूरच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. एका दुपारी साक्रीकडचे एक नाना धापा टाकत आले. त्यांच्या गावच्या नाल्यात कीटकनाशकाचे डबे सांडले होते आणि पाड्यापाड्यांवरच्या बाया संध्याकाळी त्याच पाण्याला येणार होत्या. मी घाईघाईनं 'पाणी पिऊ नका' जुळवायला घेतलं.

"अक्का, आम्हनाकडे वाचता कोणले येस?" नाना म्हणाले. "लाइटनी डीपीना पाटीवरला अक्षरं छापा. त्यासले बठ्ठा घाबरतस."

सगळे घाबरतात म्हणून मराठी सोडून इंग्रजी? मला रागच आला. तरी गिरणीच्या पाट्यांसाठी ठेवलेले ते उभट खिळे काढले आणि 'डेंजर' जुळवलं. घाईत एक खिळा दोनदा उलटा बसला. शाई ओली असतानाच कागद घेऊन नाना एसटीकडे धावले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले.

"त्या अक्षरं दखीसन मायनी भरेल हंडा वती दिधा," आईनं हंडा ओतून दिला, एवढंच म्हणाले, आणि बाकावर बसून लहान मुलासारखे रडू लागले.