बायकांना बसायला जागा

आमच्या गल्लीत रिकामं बसता येणारी बाई एकच होती, ती म्हणजे अक्का. बाकी आम्ही साऱ्याजणी उंबऱ्यावर टेकलो तरी मांडीवर मेथीची जुडी असायची, नाहीतर हुपरीच्या चांदी कारखान्यांतून मजुरीवर आलेले पैंजण कड्या जोडायला घेतलेले असायचे. अक्का मात्र घरातली कामं उरकून संध्याकाळी पायरीवर यायच्या आणि हात मांडीवर ठेवून नुसत्या बसायच्या. माझ्या सासूबाईंना ते बघवत नसे.

"अक्का, बरं न्हाय काय?" त्या विचारायच्या.

"बरं हाय म्हणूनच बसलोय की, मावशी," अक्का शांतपणे सांगायच्या.

अक्कांचे यजमान आप्पा यांना राजकारणाचा भारी सोस. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि आप्पांनी स्वतःऐवजी अक्कांचा अर्ज भरला. पत्रक अर्थात त्यांनीच लिहिलं होतं. तालमीला मॅट, फुटबॉलच्या पोरांना नवे कपडे, गणपतीला पत्र्याचा कायमचा मांडव. करमणूक आणि संस्कृती म्हणजे काय, हे आमच्याकडच्या सगळ्याच उमेदवारांचं पक्कं ठरलेलं असे, आणि त्यात बाई कुठे बसत नसे. कोपरा सभेत अक्कांनी फक्त हात जोडायचे होते. पण माईक पुढे आला तशा त्या म्हणाल्या, "गड्यांचं समदं ह्यात छापलंय. मी निवडून आलो तर बायकांना बसायला जागा करीन. काम न करता बसायला." पुरुष पोट धरून हसले. आप्पाही कसनुसे हसले. अक्का निवडून आल्या.

पुढे नगरसेवक नावालाच अक्का. लोक भेटायचे आप्पांना, ठरवायचे आप्पा, सही तेवढी अक्कांची. एका बाबतीत मात्र त्या हटून बसल्या. गल्लीच्या टोकाला महापालिकेची जागा राडारोडा पडून वाया चालली होती. "म्हणाल तिथं सही करतो, पर ती जागा मला पायजे," असं त्यांनी नवऱ्याला सुनावलं. मग तिथे बायकांची बाग झाली. कंपाउंड झालं, बाकं आली, आणि मोठ्या बायकांना पेलेल असा झोपाळा आला.

आधी कुणी फिरकेना. चारचौघांत हात रिकामे ठेवून बसायचं म्हणजे लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. मग एकेक बाई निवडायला भाजी घेऊन येऊ लागली. अक्का दारातच उभ्या. "मेथी भाईर ठेवायची. हितं काम आणायचं न्हाय." सासूबाई तणतणल्या, पण जुडी भिंतीवर ठेवून आत गेल्या. हातांचं काय करावं ते त्यांना उमगेना, नुसता पदर ओढत राहिल्या. महिन्याभरात मात्र त्या झोपाळ्यावर दिसू लागल्या. लग्न होऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण सासूबाईंना मोठ्यानं हसताना मी पाहिलं ते तिथेच.

पुढच्या निवडणुकीला आरक्षण उठलं आणि आप्पा स्वतः उभे राहिले. त्यांना पोरांची मतं हवी होती. पत्रकात पहिलंच आश्वासन होतं, बायकांच्या बागेच्या जागी आधुनिक जिम. आणि ते पत्रक वाटत, बायकांना कुंकू लावत, दारोदार फिरायचं काम आलं अक्कांवर. त्या आमच्याकडे आल्या, मला आणि सासूबाईंना कुंकू लावलं, आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ह्यांना मत द्या. जिम हुणार हाय."

"आणि बाग?" सासूबाईंनी विचारलं.

"जाईल की ती," अक्का म्हणाल्या. चहा घ्यायलाही थांबल्या नाहीत.

त्या संध्याकाळी बागेत आम्हा बायकांचं बोलणं झालं. अक्कांनी आजवर आमच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता पहिल्यांदा दारी आल्या, तर त्यांचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? नवऱ्यापुढे त्यांची मान खाली जायला नको, असंच सगळ्यांचं मत पडलं. विरोधातल्या उमेदवारानं तर बाग राखायचं कबूल केलं होतं. तरी गल्लीतल्या बायकांनी एकजात आप्पांना मत दिलं, आणि बायकांच्या मतांवरच ते तरले. गुलाल उतरायच्या आत बाकं उचलली गेली.

जिम झाली. अक्का त्यानंतर फारशा बाहेर दिसल्या नाहीत, आणि काही वर्षांतच अंथरुणाला खिळल्या. आम्ही दोघी भेटायला गेलो, तेव्हा जिममधली गाणी त्यांच्या खोलीपर्यंत ऐकू येत होती. त्यांना बरं वाटावं म्हणून सासूबाई अभिमानानं म्हणाल्या, "अक्का, त्या खेपेला तुमच्या शब्दाभाईर एक बाई गेली न्हाय बघा."

अक्कांनी उशीवरची मान त्यांच्याकडे वळवली.

"सांगणं मला भाग हुतं, मावशी," त्या म्हणाल्या. "ऐकणं तुमाला न्हवतं."