डावा फोर्क, उजवा फोर्क

एकोणीसशे सत्त्याण्णव साली, ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता माझ्या साडूंनी शारजातल्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मोटरसायकलचे, पुढचं चाक धरणारे दोन्ही फोर्क एकाच वेळी उघडले. मोटरसायकल तीन मजले खाली, इंजिनाखाली लाकडी खोकं लावून, खांबाला साखळीने बांधलेली होती. साखळीला कुलपं दोन. गाडीला पुढचं चाक नव्हतं, फोर्क नव्हते. चोराला ती उचलूनच न्यावी लागली असती. "तरी पण," असं म्हणून साडूंनी दुसरं कुलूप ओढून पाहिलं होतं.

अख्ख्या अमिरातीत त्यांच्याइतका संशयी माणूस माझ्या पाहण्यात आला नाही. न्हाव्यासमोर ते चष्मा काढत नसत. "तो काय करतो ते दिसायला नको?" परिणामी त्यांच्या कानांवर केसांचे दोन झुपके कायम शिल्लक असत. लिफ्टमध्ये 'सहा माणसे' असं लिहिलेलं होतं, पण चौथा माणूस आत शिरला की हे बाहेर पडत आणि जिन्याने जात. ताकाच्या बाटलीवरची तारीख वाचून झाली की बाटलीचा वास घेत, मग दुसरी बाटली उघडून पडताळा घेत. संध्याकाळी दुबईहून परतताना गाड्यांची रांग तासभर हलली नाही, तर पुढे कुणीतरी मुद्दाम थांबलं आहे, अशी त्यांची खात्री असे.

मोटरसायकल पंधरा वर्षांची होती. डाव्या फोर्कमधून तेल गळत होतं, म्हणून वार्षिक तपासणीत ती नापास झाली. महिन्याच्या आत पुन्हा न्यायची होती. त्यांच्या पत्नीने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, माझ्यासमोरच जाहीर केलं होतं, "या खेपेला पास झाली नाही तर भंगारात. खलास." साडूंनी मान हलवली होती. साक्षीदार मी असल्यामुळे ती मान मागे घेता येत नव्हती.

गॅरेजचा पठाण मिस्त्री म्हणाला होता, "भाईसाब, इधर छोड दो. एक घंटे का काम है." एका तासात माणूस फक्त अस्सल भाग काढून नकली बसवू शकतो, असं साडूंचं मत पडलं. त्यांनी तेल अडवणारी रबरी सीलं तेवढी विकत घेतली. निघताना मिस्त्रीने सल्ला दिला, "घर पे करोगे तो एक-एक करके खोलना." रस्त्यावर आल्यावर साडू मला म्हणाले, "एक-एक का? यात काहीतरी आहे." म्हणून दोन्ही एकदम.

भागांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांनी ताईंच्या नेलपॉलिशने डाव्याच्या प्रत्येक भागावर एक ठिपका दिला, उजव्याच्या भागांवर दोन. पंधरा वर्षं एकत्र झिजलेले भाग वेगळे झाले तर तेल पुन्हा गळणार, असं त्यांचं म्हणणं होतं. मग धुणं. पंपावरच्या पेट्रोलवर विश्वास नव्हता, म्हणून रंगाच्या दुकानातून थिनर आणलं होतं. दहाच्या सुमारास सगळे भाग परातीत बुडवले. बाहेर आले ते लखलखीत. ठिपका एकावरही नव्हता.

"ठिपके कुणी पुसले?" त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग उंबऱ्याशी मेथी निवडत बसलेल्या ताईंकडे.

"मी कशाला पुसू?"

"तुला गाडी नकोच आहे."

"नकोच आहे. तसं तोंडावर सांगितलंय. पुसायचं काय त्यात?"

"साडूभाऊ," मी म्हणालो, "थिनरने नेलपॉलिश जातंच."

"तुम्ही पेपरात बातम्या लिहिणारे. ऐकीव माहिती." त्यांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर ठिपका दिला आणि अंगठा परातीत बुडवला. बाहेर काढला तेव्हा नख कोरं होतं.

ताईंनी मान वर न करता सांगितलं, "ओरखडा असलेली नळी डाव्याची."

"कशावरून?"

"अहो, जुमेराला घसरलो ते विसरलात? मी मागे होते. माझा डावा गुडघा फुटला, तुमच्या गाडीला ओरखडा. तुम्ही आधी ओरखडा बघितलात."

साडूंनी ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"आणि टोकाला काळा डाग असलेली स्प्रिंग उजव्याची. खालची दोन्ही नळकांडी धुऊन तुम्ही स्वतःच जागेवर ठेवलीत, भिंतीकडचं डाव्याचं."

नळीला पुरावा होता. बाकीच्यांना ताईंच्या शब्दापलीकडे काही नव्हतं, आणि गाडी भंगारात जावी असं म्हणणारी घरात एकच व्यक्ती होती. साडूंनी स्प्रिंग हातात घेतली, डाग पाहिला, ताईंकडे पाहिलं. ताई मेथीच निवडत होत्या. साडूंनी स्प्रिंग उजव्या नळीत सोडली.

तेल मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण होतं. डाव्या फोर्कमध्ये त्यांनी टोपणं मोजत तेल ओतलं, सगळं परत काढलं आणि पुन्हा मोजून ओतलं. उजव्याच्या वेळी टोपण हातात धरून थांबले. मग ते ताईंपुढे केलं.

"तेवढीच टोपणं. मी चहा टाकतो."

"माझे हात मेथीचे आहेत."

"पुसून घे."

ते आत गेले. ताईंनी पहिली चार टोपणं मोठ्याने मोजली, पुढची मनात. स्वयंपाकघरातून कुणी डोकावलं नाही.

बारा दिवसांनी गाडी तपासणीत पास झाली. दोन्ही फोर्क कोरडे होते.

दोन हजार दोन साली ती दोघं पुण्याला परतली. जाताना साडूंनी गाडी माझ्या हवाली केली. चावी, दोन कुलपं आणि गाडीच्या माहितीपुस्तकाची झेरॉक्स. फोर्कच्या पानावर, समासात, त्यांच्या अक्षरात दोन ओळी आहेत.

'डावा : मी. दोनदा मोजलं.

उजवा : हिने.'