जिनिंगमध्ये मोजलेल्या आकाशगंगा

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी पुण्याहून कॉम्प्युटरसकट आर्णीला परतले. पीएच.डी.ची शेवटची मोजणी तेवढी उरली होती.

आकाशगंगा घोळक्यानं राहतात. घोळका किती दाट, ते गुरुत्वाकर्षण ठरवतं. पुस्तकातल्या गुरुत्वाकर्षणाऐवजी आमच्या सरांनी एक नवं सूत्र मांडलं होतं आणि माझी ऐन उमेदीची वर्षं मी त्यावर लावली होती. आता आकाशगंगांच्या जोड्या अंतरानुसार मोजायच्या आणि घोळके नव्या सूत्राइतके दाट भरतात का, ते पाहायचं. भरले तर मी जिंकले. नाही तर काय, याचा विचार मी करतच नव्हते.

पण भारनियमनात लाइन जायची आणि मोजणी अर्ध्यावर मरायची. पुन्हा पहिल्यापासून! मी बाबांवर खेकसायचे, मग मोरीत जाऊन रडायचे.

शेवटी कॉम्प्युटर मामांच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात हलवला. तिथं जनरेटर होता. पण तो लागायचा कापूस आला तरच, आणि त्या वर्षांत कापसाला भावच नव्हता. लोकांनी तो घरातच भरून ठेवलेला. मी सकाळपासून फाटकाशी उभी. माणसांचे हाल डोळ्यांना दिसत होते, तरी मनात एकच: आणा रे कोणीतरी, मातीमोल विका, पण आणा. लाजही वाटेनाशी झाली होती.

“कायले जीव जाळून राह्यली व पोरी?” मामा म्हणायचे. “बंड्या आल्या का लावतोच ना मी जनरेटर.”

संक्रांतीनंतर एकदाच्या कापसानं लादलेल्या बैलबंड्या आल्या. ज्यांच्या घरी लग्नं निघाली होती, त्यांना थांबून चालणार नव्हतं. सरकी काढणारे रेचे धडधडू लागले आणि दिवस मावळायच्या आत माझी मोजणी पुरी झाली.

पडद्यावर आलेख उमटला. मोजलेले ठिपके पुस्तकातल्या रेषेवर मुकाट बसले होते. आमच्या सूत्राची रेषा पार वर, एकटी. मोजणीतल्या चुकीला भरपूर जागा दिली, तरी एकही ठिपका तिच्यापर्यंत पोचत नव्हता. खोटं सूत्र खोटं ठरवणं हेही संशोधनच, असं सर पुढे फोनवर म्हणाले. तेव्हा मात्र मी त्या एकट्या रेषेवरून पडद्यावर बोट फिरवत राहिले.

मामा दारात आले. “कापूस सरला पोरी. तुह्यं काही मोजाचं राह्यलं काय? चालू ठेवू थोडा वेळ?”

पुन्हा मोजलं तर कदाचित, असं वाटलं. फार वाटलं.

“नको मामा,” मी म्हणाले. “बंद करा.”