पाय टेकत नव्हते

जड मोटरसायकलचा आवाज दुपारी लांबून येऊ लागला की अजून माझ्या हातातलं काम थांबतं. आवाज जवळ येतो, दारावरून पुढे जातो, आणि तो पार विरेपर्यंत मी तसाच बसून राहतो. घरातल्यांना त्याची सवय झाली आहे. त्यामागचं कारण मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

बहात्तर साली मी पारनेर तालुक्यात, सुप्यापासून तीन मैलांवरच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांचा सहायक, होतो. खरे डॉक्टर तालुक्याला बसायचे, पण आजूबाजूची गावं मलाच डॉक्टर म्हणायची. पाऊस गेला, विहिरींचे तळ दिसायला लागले आणि जनावरांच्या छावण्या उघडल्या. माझ्याकडे अकरा गावं होती, ती एकोणीस झाली. छावणीत जनावरं दाटीनं बांधलेली. आज एकाला झालेला रोग उद्या दहांना व्हायचा. निरोप आला की मी सायकल हाणत जायचो आणि पोचेपर्यंत जनावर गेलेलं असायचं. मालक रागावायचा नाही. नुसता बाजूला सरकून मला ते दाखवायचा. असं तिसऱ्यांदा झालं त्या दिवशी मी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं.

मला मोटरसायकल येत नव्हती. सुप्याच्या स्टँडजवळ ताडपत्रीखाली एक मिस्त्री गाड्या दुरुस्त करायचा. त्यानं आपल्या जुनाट गाडीवर मला चार-सहा दिवस क्लच आणि गिअर शिकवले. कुठली गाडी घ्यावी, असं मी त्याला विचारलं. माझी उंची पाच फूट दोन इंच. त्यानं मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"सायेब, पयली गाडी हाय तुमची," तो म्हणाला. "रंग बगू नका, आवाज बगू नका. बसल्यावर दोनी पाय भुईला टेकत्यात का बगा. आन आडवी झाली तर एकट्याला उचलती का बगा. बाकी समदं मागनं शिकता येतं."

मी मान डोलावली आणि दुसऱ्याच रविवारी नेमकी रंग आणि आवाज बघायला नगरला गेलो. भिंगारला एक निवृत्त सुभेदार राहत होते. गुडघ्यामुळे त्यांना किक मारवत नव्हती, म्हणून गाडी विकायची होती. काळीभोर, साडेतीनशे सीसीची, टाकीवर सोनेरी रेघ. सुभेदार सहा फुटी गृहस्थ. त्यांनी स्वतःच सांगितलं की गाडी जड आहे, घाई करू नका, फिरवून बघा. किक त्यांच्या शेजाऱ्यानं मारून दिली.

मी पाथर्डीच्या रस्त्याला लागलो. सपाट रस्त्यावर ती गाडी अशी चालली की मी हरखून गेलो. इंजिनाचा ठोका पोटात जाणवत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण उंच आहोत असं वाटलं.

दोन मैलांवर एक चढ होता आणि चढावर दुष्काळी काम चाललेलं होतं. अर्ध्या रस्त्यावर खडीचे ढीग, बाया खडी फोडत बसलेल्या. समोरून बैलगाडी आली म्हणून मी थांबलो. त्या गाडीचा ब्रेक डाव्या पायाला होता. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून डावा पाय ब्रेकवरच ठेवावा लागतो, आणि सगळा भार उजव्या पायावर येतो. माझ्या उजव्या पायाचा अंगठा तेवढा खडीला लागला. गाडी अगदी सावकाश कलली. ती पडणार हे मला कळत होतं आणि तिला धरून ठेवणं माझ्या हातात नव्हतं. मी कसाबसा बाजूला उडी मारली.

मग ती उचलता येईना. हँडल धरून ओढलं, सीटखाली खांदा लावला. ते साडेचार मणांचं धूड जागचं हललं नाही. शेवटी चार बाया हातोड्या टाकून उठल्या आणि त्यांनी गाडी उभी केली. एका म्हातारीनं माझ्या पँटची धूळ झटकली आणि विचारलं, "लागलं का रं?" त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मग गावी जाऊन मीच ती फजिती सगळ्यांना रंगवून सांगितली असती. पण त्यांना माझी कीव आली होती, आणि कीव काही मला कुणाला सांगता आली नाही.

परतल्यावर सुभेदारांनी सायलेन्सरवरची धूळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. जड गेली का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणालो, छे, उत्तम आहे, विचार करून कळवतो. पंधरा दिवसांनी मी सुप्याच्या एका बियाणं विक्रेत्याकडून पावणेदोनशे सीसीची हलकी गाडी घेतली. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा तिचा आवाज. पण दोन्ही पाय टेकत होते.

माझ्या खोलीला लागून मास्तरचं घर होतं. गावातल्या शाळेवर तो शिक्षक, माझ्याच वयाचा, नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातला. त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणायचो, आणि दोन वर्षांची मुलगी. मी एकटा असल्यानं रविवारचं माझं जेवण त्यांच्याकडेच असायचं. सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं, म्हणून मीही. तो मला डॉक्टर म्हणायचा. उंचीला तो माझ्याहून बोटभर कमीच होता. आम्ही दोघं बाजारातून चाललो की पोरं मागून काहीतरी बोलायची, आणि आम्ही दोघंही ते ऐकलं नाही असं दाखवायचो.

त्या उन्हाळ्याआधी त्याची बदली नऊ मैलांवरच्या वाडीच्या शाळेत झाली. तिकडे एस.टी. जात नव्हती. बिऱ्हाड हलवायचं तर वाडीत प्यायला पाणी नव्हतं. तेव्हा त्यानंही गाडी घ्यायचं मनावर घेतलं. सुभेदारांची गाडी अजून विकली गेलेली नाही, हे त्याला नगरला चर्चमध्ये कुणाकडून तरी कळलं.

रविवार होता. आम्ही अंगणात बसलो होतो आणि वहिनी चहा घेऊन आल्या होत्या.

"तू चालवून बघितलीस ना ती," मास्तर म्हणाला. "कशी आहे?"

मला तो चढ आठवला. खडी आठवली, म्हातारीचा हात आठवला. वहिनी कप हातात घेऊन माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"एक नंबर गाडी," मी म्हणालो. "दोन मैलांत हाताला बसली. पेट्रोल फार खाते म्हणून सोडली, नाहीतर तीच घेतली असती."

एवढंच मी बोललो. बोलताना मला खोटं बोलतोय असं फारसं वाटलंही नाही. मास्तर वहिनींकडे बघून हसला. पुढच्या आठवड्यात तो गाडी घेऊन आला.

शाळेपुढच्या दगडी ओट्याला गाडी चिकटवून, ओट्यावर पाय ठेवून तो उतरला. गावातली माणसं गाडी बघत होती. मी मास्तरचा पाय बघत होतो. मला तिथंच कळलं, कारण मीही तेच केलं असतं. त्यानंतर रोज तो कुठे थांबतो हे मी बघायला लागलो. घराच्या पायरीशी, पिठाच्या गिरणीच्या कट्ट्याशी, पिंपळाच्या पाराशी. मोकळ्या रस्त्यावर तो थांबायचाच नाही. कुणी हात केला तर चालत्या गाडीवरूनच मान हलवून पुढे जायचा.

एकदा मी विषय काढला. दोघंच होतो.

"मास्तर, जड नाही ना जात?"

"छे," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "तुला गेली होती?"

आता सांगावं असं वाटलं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण आधी एकदा सांगितलेलं खोटं उसवायचं तर खोटं का बोललो तेही सांगावं लागणार होतं.

"छे," मीही म्हणालो.

गाडी येऊन महिना झाला नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला मी वाडीच्या रस्त्यालगतच्या छावणीत घटसर्पाची लस टोचत होतो. पाणी पाजायला नेलेली जनावरं रस्ता ओलांडून ओढ्याकडे चालली होती. लांबून मास्तरच्या गाडीचा ठोका ऐकू आला. शाळा सुटली असणार, असं मनात आलं. आवाज चढाच्या पलीकडे थांबला. जनावरांसाठी थांबला असेल, असं म्हणून मी सिरिंज भरली, पुढच्या बैलाची मान धरली. आवाज पुन्हा सुरू होण्याची मी थोडा वेळ वाट पाहिली. मग कामात विसरलो. काम संपल्यावर मी दुसऱ्या बाजूनं, राळेगणसिद्धीच्या रस्त्यानं निघून गेलो.

चढाच्या पलीकडे एक मोरी होती, वरून न दिसणारी. कडबा घेऊन येणाऱ्या एका गाडीवानाला दिवस मावळताना मास्तर तिथे सापडला. मोटरसायकल उजव्या अंगावर पडली होती आणि मांडीपासून खाली त्याचा पाय तिच्याखाली होता. तीन तास. सायलेन्सर गार होईपर्यंत पाय भाजत राहिला. हाका मारून मारून त्याचा आवाज बसला होता. छावणीत तेव्हा दोनशे जनावरं हंबरत होती, कुणाला काही ऐकू गेलं नाही.

त्याला नगरच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचेल असं आधी वाटत होतं; मग पायाचं राहू द्या, माणूस वाचवू, असं डॉक्टर म्हणायला लागले. चिरडलेल्या मांसाचं विष रक्तात उतरतं आणि लघवी बंद होते. जनावरांत मी हे पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेशी बसलो होतो. वहिनी मुलीला दूध आणायला बाहेर गेल्या होत्या. मास्तरचा चेहरा सुजला होता, पण शुद्ध चांगली होती.

"डॉक्टर," तो म्हणाला, "चढावर तू तिला कशी धरलीस रे? माझे पाय टेकत नव्हते."

मला वाटतं, त्याला तेवढंच हवं होतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं की माझेही टेकत नव्हते. पण मी म्हणालो, "सवयीनं जमतं."

त्यानं मान हलवली. "मी थोडा वेळ द्यायला हवा होता," तो म्हणाला आणि डोळे मिटले. मग वहिनी दूध घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. दफनाच्या वेळी इतरांबरोबर मीही मूठभर माती टाकली. माती कोरडी होती, बोटांतून आधीच गळून गेली.

त्यानंतर कितीतरी वर्षं दुपारी तीनच्या सुमाराला मला तो ठोका ऐकू यायचा. चढ चढताना यायचा आणि मग थांबायचा. छावण्या बंद झाल्या, दोन पावसाळे झाले, माझी बदली श्रीगोंद्याला झाली. उसाच्या फडांतून जाताना, गाळपाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या गोंगाटातही तो मला वेगळा कळायचा. मी माझी हलकी गाडी बंद करून उभा राहायचो. लोकांना वाटायचं, डॉक्टर रस्ता विसरले.

चार वर्षांनी मी वहिनींना सांगायला गेलो. त्या नगरला मुलींच्या वसतिगृहात काम करत होत्या, तिथेच मागे दोन खोल्या होत्या. मी सगळं सांगितलं. चढ, बाया, अंगणातलं उत्तर, दवाखान्यातलं उत्तर. त्या मेथी निवडत होत्या. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांचे हात चालू होते.

"मी त्यांना म्हटलं होतं, विकून टाका," त्या शेवटी म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं. ते म्हणाले, डॉक्टर माझ्याहून बोटभरच उंच आहे, त्याला जमली तर मला का जमू नये."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"भाऊजी, हे तुम्ही मला का सांगितलंत?"

"सांगायला हवं होतं, वहिनी."

"कुणाला हवं होतं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी खरोखरच विचारलं होतं आणि त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. त्यांनी मेथीची टोपली बाजूला ठेवली आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या. आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. सहा वर्षांची, दप्तर तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होतं. बाबांचे मित्र, अशी वहिनींनी तिला माझी ओळख करून दिली. तिनं लगेच माझ्याजवळ बसून पाटीवर काढलेलं घोड्याचं चित्र दाखवलं आणि घोडे आजारी पडतात का, पडले तर औषध कसं पितात, असं विचारत राहिली. मी तिला नळीनं औषध कसं पाजतात ते सांगितलं. चहा झाला. मी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या.

"तिला यातलं काही सांगू नका," त्या म्हणाल्या. "मलाही परत सांगू नका. यायचं तर या."

मी गेलो. वर्षातून दोनदा, मग एकदा, मग पत्रंच राहिली. मुलगी शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. लग्नात तिनं मला वाकून नमस्कार केला आणि नवऱ्याला म्हणाली की हे काका बाबांना सगळ्यांत जवळून ओळखायचे. वहिनी पलीकडे पाहुण्यांशी बोलत उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही.