पांढऱ्या कपाटावरची कुंकवाची बोटं

मी पुण्यात लोकांची घरं सजवून देते. बडोद्याच्या आत्याच्या फ्लॅटचं काम तिच्या मुलानं, निनादनं, मलाच दिलं आणि मी ते शहाणपणानं पुण्यात बसून उरकलं. पांढऱ्या भिंती, पांढरी कपाटं, कशालाच मूठ नाही. दाबलं की उघडतं. माझं आजवरचं सगळ्यात देखणं घर, असं चारचौघांत मिरवतही होते. मग निनादचा फोन आला, "आई सगळ्या घराला कुंकू लावत सुटलीये. येऊन बघ तरी." निघाले.

पुण्याहून रेल्वेनं आठ-नऊ तास लागतात. तिकीट आधी काढून ठेवा. स्टेशनवरून सुभानपुऱ्यात आत्याच्या घरापर्यंत रिक्षा सव्वाशेत आली. वाटेतली नवी कॉफीची दुकानं थेट बाणेरातली वाटत होती, तोच राखाडी रंग, तेच लोंबते दिवे. तेव्हा मला ते आवडलंही, कबूल करते.

"आव बेटा," म्हणत आत्यानं दारातच जवळ घेतलं. आत पाऊल टाकलं. कपाटं, ड्रॉवर, दिव्याची बटणं, न्हाणीघराचं दार, सगळीकडे कुंकवाचं एकेक बोट.

"आत्या, वास्तुशांत कधीच झाली ना? मग रोज हे काय?"

"नवं घर आहे, लावते आपली," ती म्हणाली आणि ढोकळ्याची ताटली पुढे केली.

सकाळी निनाद वाघोडियाला कारखान्यात गेला. आत्या अंघोळीला गेल्यावर मी ओल्या फडक्यानं स्वयंपाकघरातली सगळी कपाटं पुसून लख्ख केली. ती चहा टाकायला आली. तिचा हात कपाटांवरून फिरत राहिला. एक दार दाबलं, तिथे ताटं. दुसरं दाबलं, तिथे पिशव्या. साखर काही सापडेना.

"पुसलंस का गं?" तिनं हळूच विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक बोट बरोबर दाबायच्या जागी होतं.

"काचबिंदू आहे मला. दिसतं तसं, पण पांढऱ्यात पांढरं नाही दिसत. आधी हिरवं दार म्हणजे न्हाणीघर, तपकिरी म्हणजे कपाट. रंगावरून चालायचे."

"मग सांगायचं ना गं!"

"तू एवढं हौसेनं केलंस. आणि निनादला कळलं तर दिवसभराची बाई ठेवेल माझ्यावर. मला माझं घर माझं मला चालवायचंय. कुंकवाला कोण काय विचारतं?"

मला रडू आवरेना. साखर मग तीच शोधत बसली आणि मी नुसती उभी.

दुपारी शेव-उसळ खाऊन (तिखट सोसत असेल तरच तर्री जास्त मागा) आम्ही दोघी कपाटांना रंगीत मुठी शोधायला टॅक्सीनं डभोईमार्गे संखेड्याला गेलो. सव्वा-दीड तासाचा बरा रस्ता. लाखेच्या, केशरी-सोनेरी नक्षीच्या लाकडी सामानासाठी हे गाव प्रसिद्ध. पण दुकानात पुढे मांडलेला सोफा पांढराच.

"हवे तो बधाने सफेदज जोईए छे, बेन," कारागीर म्हणाला. आता सगळ्यांना पांढरंच हवं. मग फळीवरून त्यानं डबा काढला. पाळण्याच्या खांबांवर बसवायची केशरी बोंडं होती. आत्यानं एकेक उजेडात धरून पाहिलं आणि तीस वेगळी काढली.

"आ तो बधी देखाय छे," ती म्हणाली. ही तर सगळी दिसतायत! एवढी खुललेली आत्या मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुताराकडून ती बोंडं कपाटांना बसवून घेतली, दिव्याच्या बटणांभोवती केशरी पट्ट्या लावल्या. संध्याकाळी आत्यानं स्वतःच निनादला डोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टरकडे मी नेईन. बाई नाही ठेवत. पण आता लपवू नकोस." तिनं उठून सगळ्यांना चहा केला. साखर पहिल्या झटक्यात.

पुण्यात परत येऊन आठवडा झाला. नव्या कामाला बसले की आता आधी विचारते, घरात कोणकोण राहतं? सोशल मीडियावरचे बडोद्याच्या घराचे जुने फोटो काढून नवे टाकले, तर एकीनं लिहिलं, त्या बोंडांनी सगळी शोभा घालवली. लिहू दे.

काल आत्याला फोन केला, कुंकू अजून लावतेस का म्हणून विचारलं.

"लावते की," ती म्हणाली. "आता फक्त देवाला."