मावशीने स्वतः केलेला अर्ज

गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या अरुंद जागेत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. नवे कपडे ती शिवत नसे. चेन बदलणं, पँटची लांबी कमी करणं, कोटाचं फाटलेलं अस्तर सांधणं, असली कामं. तिला मावशी म्हणणारी पोर घरात एकच, पण ती इतक्या मोठ्यांदा हाक मारायची की ऐकून ऐकून सगळी गल्लीच तिला मावशी म्हणायला लागली. बँकेतले साहेबसुद्धा पिशवीतून पँट काढताना आवाज खाली आणत. "मावशी, कंबर जरा सैल करा. आणि घरी आमच्या बायकोला बोलू नका."

पोर तिच्या धाकट्या बहिणीची. बाळंतपणानंतर ताप चढला आणि बहीण गेली. बाप लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. त्याने तान्ही पोर मेव्हणीच्या हातात ठेवली, "ताई, थोडे दिवस सांभाळा, मी सावरतो," म्हणाला आणि दुसऱ्या शहरात कामाला गेला तो गेलाच. आधी फोन यायचे. मग त्याने दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं आणि फोनही थांबले. मावशीने स्वतः लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "नवरा काय, मिळेल हो. पण तो हिच्या बडबडीपुढे टिकायला हवा ना."

बडबडीमुळेच पोरीचं नाव टिटवी पडलं. आवाज मोठा होता त्यालाही कारण होतं. डाव्या कानाच्या पडद्याला भोक होतं, कान सारखा वाहायचा. समोरच्याचं बोलणं कळलं नाही की ती मान डोलवायची आणि "हो" म्हणून मोकळी व्हायची. चौथीत गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन लांबवू नका.

हॉस्पिटलच्या खिडकीतल्या माणसाने कागद पुढे सरकवला. "पालकांची सही."

मावशीने पेन उचललं.

"आई तुम्ही?"

"मावशी."

त्याने कागद परत ओढून घेतला. "मावशी म्हणजे पालक नव्हे. आई किंवा बाप हवा. नाहीतर कोर्टाचा हुकूम आणा."

शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून ते गोवराच्या लसीपर्यंत, आजवर सगळीकडे तिचीच सही चालली होती. कुणी हूं की चूं केलं नव्हतं. ती तशीच रांगेतून बाजूला झाली. टिटवी मोठ्यांदा विचारत होती, "मावशी, तुझी सही चुकली का?"

वकील करायचा तर दुकानावर पाणी सोडावं लागलं असतं. मग कुणीतरी कोर्टातल्या मदत कक्षाचं सांगितलं. तळमजल्यावरच्या त्या खोलीत एक वयस्कर बाई बसायच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पालकत्वाच्या अर्जाला वकील लागतोच असं नाही. स्वतः लिहा, स्वतः उभ्या राहा. अडलं तर मी आहे."

मावशीला एकदम हुरूप आला. दुपारी गिऱ्हाईक नसताना ती दुकानातल्या आरशासमोर उभी राहून बोलायचा सराव करायची. "साहेब, मी या मुलीचा जन्मापासून सांभाळ केला आहे." पँट घालून बघायला आलेला एक माणूस ते ऐकून पडद्यामागेच थांबून राहिला.

अर्जात एके ठिकाणी विचारलं होतं: वडील हयात आहेत काय, असल्यास पत्ता. पत्ता तिला माहीत होता. त्याच्या बहिणीने मागे कधीतरी सांगितला होता. कोर्टासमोरचा झेरॉक्सवाला असल्या अर्जांत मुरलेला. तो म्हणाला, "कशाला विस्तवाशी खेळता मावशी? लिहा, ठावठिकाणा माहीत नाही. पेपरात एक जाहिरात जाईल. कोण वाचतंय?"

पेन हातात धरून ती बराच वेळ बसली. खाली छापलेलं होतं, वरील मजकूर खरा आहे. साहेबांनी रोखून बघितलं तर आपली बोबडी वळेल, हे तिला ठाऊक होतं. आणि ज्याने एवढ्या वर्षांत साधा फोन केला नाही, तो नोटीस बघून धावत थोडाच येणार? तिने पत्ता लिहिला. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिला.

तारखेला पुकारा झाला आणि ती टिटवीला घेऊन आत गेली तर पोरीचा बाप समोर उभा. कानशिलावर केस पिकलेले, शेजारी बायको.

"ऑपरेशनच्या कागदावर मी आजच सही करतो, साहेब," तो म्हणाला. मग एक क्षण थांबला. "आणि मुलगी मला घरी न्यायचीय."

आरशासमोर घोकलेली सगळी वाक्यं मावशीच्या डोक्यातून उडाली. तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, हे होते कुठे इतकी वर्षं?"

"तुमचं म्हणणं लेखी द्या," न्यायाधीश म्हणाले. आवाज इतका बारीक की पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

बाहेर व्हरांड्यात तो हात जोडून तिच्यापुढे आला. "ताई, चुकलं माझं. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तुमची नोटीस आली तेव्हा वाटलं, तुम्हीच बोलावताय."

त्याला शिव्या घालाव्यात असं तिला फार वाटलं. पण तो रडत होता, आणि त्याची बायको टिटवीच्या सुटलेल्या बुटाची नाडी बांधत होती.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी टिटवीला एकटीला आपल्या दालनात बोलावलं. थोड्या वेळाने ती बाहेर आली.

"काय विचारलं गं?"

"बरंच काही. आईचं, शाळेचं. बाबांकडे राहायला आवडेल का, ते."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

मावशीचं काळीज चरकलं आणि दुसऱ्याच क्षणी तिला धीर आला. तो बारीक आवाज! पोरीला ऐकूच आलं नसणार. ऐकू आलं नाही की ती हो म्हणते, हे या जगात माझ्याशिवाय कुणाला माहीत? ती तडक मदत कक्षात गेली. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "मग तसा अर्ज करा. कानावर उपचार झाल्यावर मुलीला पुन्हा विचारावं, म्हणावं." मावशीने तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला, डॉक्टरांचा कागद जोडला. न्यायाधीशांनी तो मंजूर केला. त्या दिवशी ती घरी जाताना ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगत होती, "बिनवकिलाचा अर्ज, आणि मंजूर!"

ऑपरेशन झालं. सही बापाने केली, खाटेजवळ जागली मावशी. पट्टी निघाल्यावर ती स्वयंपाकघरातून हळूच बोलून बघायची, "साखर कुणी सांडली?" आणि बाहेरून उत्तर यायचं, "मी नाही!" आनंदाने ती पुन्हा बोलून बघायची, आणखी हळू. टिटवीचा आवाजही हळूहळू खाली आला. "मावशी, तुझं मशीन किती कुरकुरतं गं," ती एकदा म्हणाली. "हे असं रोजच होतं?"

पुन्हा तारीख लागली. पुन्हा ते दालन, ते बंद दार. टिटवी बाहेर आली ती बाकावर मावशीला चिकटून बसली.

"आता नीट ऐकू आलं ना?"

"मावशी, तेव्हाही आलं होतं." ती बुटाच्या टोकाकडे बघत होती. "साहेबांनी मला जवळ बसवलं होतं. ते माझ्या उजव्या कानाच्या बाजूला होते."

"तिथे बाबा आहेत. छोटा भाऊ आहे. मला बघायचंय. तू रडशील म्हणून तुला सांगितलं नाही."

"मी कुठे रडतेय," मावशी म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. "उकडतंय नुसतं."

हुकूम झाला. मुलगी बापाकडे; महिन्यातून एका रविवारी त्याने तिला मावशीकडे आणून सोडायचं. न्यायाधीश मावशीबद्दल चांगलंच बोलले. तिने सांभाळ उत्तम केला असं त्यांनी हुकुमात लिहिलंही. तेवढा भाग झेरॉक्सवाल्याने तिला मोठ्याने वाचून दाखवला, आणि कागदाचे पैसे घेतले नाहीत.

न्यायला आले त्या दिवशी मावशी सावत्र आईला कानाचं सांगत बसली. आंघोळीच्या वेळी कापूस घालायचा, सर्दी झाली की लगेच डॉक्टर, जोरात शिंकरू द्यायचं नाही. ती बाई मन लावून ऐकत होती, मधे मधे विचारतही होती. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. खोट असती तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटून गेलं.

पहिल्या रविवारी टिटवी आली आणि दिवसभर छोट्या भावाच्या गमती सांगत राहिली. पुढच्या महिन्यात भावाला ताप होता. त्यानंतर शाळेची सहल निघाली. मग फोन आला, "ताई, या वेळी मैत्रिणीचा वाढदिवस आहे, ती हट्ट धरून बसलीय. पुढच्या रविवारी नक्की." फोनवर मागे पोर कुणाशी तरी हसत होती.

मावशी मदत कक्षात गेली. चष्मेवाल्या बाईंनी तिला लगेच ओळखलं. "हुकूम पाळत नाहीत म्हणून अर्ज करता येतो. तुम्हाला आता सवय झालीय. कोरा कागद देऊ?"

"अर्ज केला तर काय होईल?"

"त्यांना तंबी मिळेल. मुलीला आणावं लागेल."

"आणि ती येईल?"

"आणावीच लागेल त्यांना."

"तसं नाही, बाई," मावशी म्हणाली. "वाढदिवस सोडून आणलेली पोर दाराकडे तोंड करून बसेल माझ्याकडे. ती नीट यावी म्हणून काही लिहिता येतं का?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मान हलवली, नाही म्हणून. मागे एक माणूस हातात कागदांची पिशवी घेऊन उभा होता, त्याला घाई होती. मावशी उठली आणि त्याला खुर्ची दिली.