लोकरीचं देवक

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा चहा पिता पिता मुलीकडच्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "तुमचं देवक कुठलं म्हणायचं? आन् बसणार कोण?"

प्रश्न साधाच होता. लग्नाआधी मांडवात देवक बसवतात. कुणाची कळंबाची फांदी, कुणाचं मोरपीस, ज्याच्या घराण्यात जे चालत आलं ते. त्याच्यापुढं घरातलं जोडपं बसतं. आई किंवा बाप नसला तर भावकीतले चुलता-चुलती. माझी बायको मागंच गेली आणि भावकी मला मुळातच नाही. "कळवतो," म्हणालो आणि उठलो.

भावकी का नाही, तर वडिलांमुळं. आमच्या गावच्या, बेंबळीच्या शिवारातून मेंढरांचा एक कळप पुढं गेला आणि सकाळी बांधावर एक बारकं पोर रडत बसलेलं दिसलं. ते पोर म्हणजे माझे वडील. ज्या शेतकऱ्यानं त्यांना उचलून घरी नेलं त्यानं पोटच्या पोरासारखं वाढवलं, पुढं जमिनीचा तुकडाही नावावर करून दिला. देवक तेवढं देता येईना, कारण ते रक्ताचंच लागतं. वडिलांच्या लग्नात गावातल्या कुणीतरी तोड काढली, "मेंढरामागनं आलंय पोर, लोकर ठिवा." आंब्याच्या डहाळीला मूठभर लोकर बांधली आणि ते आमचं देवक झालं. माझ्याही लग्नात तेच होतं.

ज्वारी निघाली की वडील दरवर्षी रानात मेंढरं बसवायचे. कळप रात्रभर रानात बसला की खत आयतं पडतं, त्याबद्दल मेंढपाळाला धान्य द्यायचं. वडिलांच्या रानाला खत हवं असो नसो, मेंढरं यायचीच. मग आलेल्या माणसांची तोंडं ते निरखत राहायचे, पण विचारायचे मात्र काहीच नाहीत. गडबडीत आपण चुकून मागं राहिलो, कुणीतरी आपल्याला शोधत फिरलं असणार, असं ते आईला सांगायचे. मला त्यांचा राग यायचा. एवढं वाटतं तर तोंड उघडायला काय होतं?

मुलगा परदेशात नोकरीला आहे. सुट्टीवर आला तेव्हा डीएनए तपासायची नळी घेऊन आला. "पप्पा, आपण कोण ते एकदा कळू दे." जन्मभर उष्टंखरकटं पाळणाऱ्या माणसाला त्यानं नळीत थुंकायला लावलं. मी निमूटपणे थुंकलो. हसू येत होतं, पण आतून आस लागली होती. देवकाला बसायला एखादं तरी जोडपं निघेल, एवढंच मला हवं होतं.

निकाल आला तो त्यानं मला फोनवर वाचून दाखवला. बापाकडचे पूर्वज हजारो वर्षांपूर्वी कुठल्या तरी लांबच्या गवताळ मुलखातून आले, आईकडचे त्याच्याही आधीपासून दक्षिणेत होते. पोरगा हरखून गेला होता. मी विचारलं, "बेंबळीला कोण आलं होतं, ते लिहिलंय का?"

"तसं नसतं हो त्यात."

"आणि नातेवाईक?"

दूरचे म्हणून काही निघाले होते. सगळे परदेशातले, आडनावंही कधी न ऐकलेली. मेंढरांमागं फिरणारी माणसं कशाला नळीत थुंकायला जातील? त्या संध्याकाळी स्वयंपाक करायचीही इच्छा झाली नाही. हजारो वर्षांचे पूर्वज मिळाले होते आणि जेवलास का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

यंदा वडिलांच्या माघारी मीही रानात मेंढरं बसवली. मेंढपाळ म्हातारा होता, वडिलांच्या वयाकडं झुकलेला. मेंढरांभोवती जाळ्याची वाघर लावून झाल्यावर तो तिच्या खुंट्याला टेकून बसला. मी चहाचा थर्मास घेऊन त्याच्याजवळ गेलो आणि वडिलांनी जे कधी विचारलं नाही ते विचारलं. "बाबा, फार वर्षांमागं तुमच्या लोकांचं एखादं लेकरू या शिवारात चुकून मागं राहिल्याचं कधी ऐकलंय का?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं.

"चुकून? कोकरू जरी मागं ऱ्हायलं तरी आमी माघारी फिरतो, सायेब. लेकरू कोण इसरतंय?"

तो सहज बोलून गेला आणि चहा प्यायला लागला. मला मात्र तिथून उठवेना. वडिलांनीही उभ्या जन्मात कळप पाहिले होते. सांजेला एक एक कोकरू मोजून आत घेतलेलं पाहिलं होतं. त्यांना हे ठाऊक नसेल कसं? म्हणूनच ते विचारत नव्हते. त्यांच्यावर इतकी वर्षं धरलेला राग तिथंच गळून पडला आणि मला रडू आलं.

सकाळी कळप हलला. मी म्हाताऱ्याकडून मूठभर लोकर मागून घेतली. कशाला, असं त्यानं विचारलं नाही.

दुपारी मुलाचा फोन आला. "पप्पा, ते लोक पुन्हा विचारतायत. देवक काय सांगू?"

"लोकर."

"आणि बसणार कोण?"

"मीच. बायको नसली की तिच्या जागी कमरेला सुपारी खोचून बसता येतं."

मग तो म्हणाला, "तुम्ही त्या मेंढपाळांना विचारणार होतात ना? विचारलं का?"

"नाही," मी म्हणालो. "राहूनच गेलं."